तळ्याचं तोंड

२ जानेवारी
पोचलो एकदाचे! सहा तासांच्या प्रवासात ठमीने ‘आलं का?’ असं किमान पन्नास वेळा विचारलं, आणि खरंच आलं तेव्हा बाईसाहेब ढाराढूर झोपलेल्या. दुसऱ्या लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी येतेय, तेही पहिल्या लग्नातली सात वर्षांची लेक बरोबर घेऊन. कसं होईल याची धास्ती होती, पण उगाच. सासूबाईंनी आधी ठमीला कडेवर घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. सगळी माणसं शांत. नवराही तसाच, त्याला राग कधी येतच नाही, आणि मला तो आवडला तो त्यामुळेच.

घर दगडी, बुटकं. मागे गोठा, पुढे उताराखाली तळं, पार काठापर्यंत गोठलेलं. सुट्टी नावालाच. लाकडं रचायची, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, गवत कोरड्या बाजूला हलवायचं. सासूबाई चुलीवरचं उकळतं भांडं नुसत्या हातांनी उतरवतात. मी चहाचा कपसुद्धा ओढणीने धरते. जाऊबाई बघत होत्या, हसल्या मात्र नाहीत.

३ जानेवारी
आज तळ्याचं काम. गाईंना पाणी पिता यावं म्हणून काठाजवळ बर्फात एक भोक कायम उघडं ठेवतात. त्याला इथे तोंड म्हणतात. पहारीने बर्फ फोडायचा, मग उघडा हात कोपरापर्यंत आत घालून तुकडे काढायचे. हातमोजा चालत नाही. घरात सगळ्यात नवं जे माणूस, त्याचं हे काम, हिवाळाभर. सासऱ्यांनी विचारलं, यंदा नवं कोण, तू की ही पोर? मला चांगली सून म्हणवून घ्यायची भारी हौस. म्हटलं, दोघीही नव्याच, दोघी मिळून करू की! जाऊबाईंनी हातातली बादली खाली ठेवली.

ठमीने हात घातला आणि खिदळली. म्हणाली, आत कुणीतरी शेकहँड करतंय. मग मी घातला. पाणी बर्फासारखं लागायला हवं होतं, पण ते कोमट होतं. आणि माझी बोटं कुणीतरी हलकेच धरली. तसं वाटलं खरं.

५ जानेवारी
बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालंय. थंडी, दुसरं काय.

दुपारी ठमी लाकडांच्या ढिगावरून पडली. गुडघा फुटला, रक्त पार मोज्यापर्यंत आलं. एरवी मुंगी चावली तरी घर डोक्यावर घेणारी पोर उठून तशीच खेळायला गेली. मी पट्टी बांधत होते, ती खिडकीबाहेर बघत होती. मी जाम घाबरले. नवरा म्हणाला, इथं सगळे असेच काटक होतात.

६ जानेवारी
जाऊबाईंना गोठ्यात गाठून विचारलं. त्यांनी दूध काढता काढता सांगितलं. तोंड पाणी देतं तसं घेतंही. ज्याचा हात आत, त्याचं दुखणं, रडणं, हसणं, सगळं थोडं थोडं घेतं. त्या बदल्यात गोठ्यातलं जनावर हिवाळ्यात मरत नाही. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनीही दिलं. आई गेल्याचं पत्र आलं तेव्हा त्या जेवत होत्या. पत्र वाचलं आणि जेवण पुरं केलं.

मी ओरडलेच, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, ‘सांगावंसं वाटलं नाही गं. तू विचारलंस, म्हणून सांगितलं.’

ठमीचं परत येईल का? येईल म्हणाल्या, तिच्या वाटचं दुसऱ्या कुणी दिलं तर. रस्ता बर्फाने बंद आहे, दहा तारखेला मोकळा होणार. म्हणजे चार दिवस. मी देईन. मला कितीही लागू दे, माझी पोर परत हवी.

७ जानेवारी
ठमीला घरात ठेवलं. एकटी गेले. दोन्ही हात घातले, खांद्यापर्यंत. आत धरलेलं लवकर सुटत नाही. मी सोडवलंही नाही.

८ जानेवारी
दारात ठमीचं बोट चेमटलं. तिने भोकाड पसरलं. आली परत. पोर परत आली! मी तिला जवळ घेतलं, तिची पाठ थोपटली. आनंद झाला. झाला असणार.

संध्याकाळी चुलीवरचं भांडं मी उतरवलं. कसला तरी वास आला म्हणून हात पाहिले. कातडी भांड्यालाच —

सासूबाईंनी चिंधी दिली.

९ जानेवारी
सकाळी पुन्हा तळ्यावर, ठमीच्या वाटचंही मीच दिलं. मग बॅग भरली. ठमीने गळ्यात हात टाकले. वजन कळलं.

विसरू नये म्हणून लिहून ठेवते. उद्या ठमीला इथून न्यायचं. ती रडतेय तोवर न्यायचं. कुणी काही म्हणो, थांबायचं नाही. ती माझी —

१० जानेवारी
रस्ता मोकळा झाला. गाडी दारात आहे.

तोंड मात्र बंद झालं. पहाटे फोडलं, लगेच पुन्हा गोठलं. सासरे म्हणाले, तुझ्या हातात आता काही उरलं नाही. ठमीला घेऊन गेले. नवरा मागोमाग, पहार घेऊन. मी वाटेतून बाजूला झाले.

खिडकीतून दिसतंय. ठमीने उतारावर पाय रोवलेत. हाका मारतेय. आई म्हणतेय. अगदी स्पष्ट ऐकू येतं.

तिचा हात धरून ओढतायत —

उठायला हवं. कालच्या पानावर आहे. अक्षर माझंच. ठमीला इथून न्यायचं. वाचलं. दोनदा वाचलं.

पण न्यायचं ते कशासा —