चपलेची गांडुळे

मु. पो. पळसवडे, ता. वाळवा
ता. ११ फेब्रुवारी १९७७

प्रिय चांदसाहेब यास नाथाजीचा रामराम आणि सलाम. आधी कुठला घ्यायचा ते तू ठरव.

इकडे सगळे ठीक आहे. अंजनाची तब्येत उत्तम आहे, आणि तिच्यासमोर मी माझ्या तब्येतीबद्दल बोलत नाही. माझी डावी मिशी अर्धी जळाली आहे, त्याचे कारण पुढे येईल. तुझा गुडघा कसा आहे? हडपसरात तिसऱ्या मजल्यावर चढउतार करणे त्याला मानवते का? इमामला आणि सूनबाईला आशीर्वाद सांग. तुझे पत्र येऊन सतरा दिवस झाले. त्यात तू एकच गोष्ट विचारलीस, की घराची किल्ली माझ्याकडे आहे, तर विकत घ्यायला म्हणून आप्पासो घर बघून गेला का आणि त्याला ते पसंत पडले का. याचे उत्तर एका ओळीत देता आले असते. पण तीस वर्षे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून सरकारी कागद भरल्यामुळे मला थोडक्यात लिहिता येत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

रहिमतभाबींच्या माघारी इमामने तुला पुण्याला नेले, त्याला चौदा महिने झाले. जाताना तू कल्हईचा भाता आणि गळाची काठी माझ्या ओसरीवर ठेवून म्हणालास, "पंधरा दिसांत येतो रं." मी भाता खुंटीला लावला. मग रविवार आला. बावीस वर्षे आपण दर रविवारी डोहावर बसलो, आणि या बावीस वर्षांत माझ्या गळाला गांडूळ कोण लावत होते हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. तालुक्यातल्या हजारो बैलांना मी सुया टोचल्या, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला, पण वळवळते गांडूळ काट्यात ओवायचे म्हटले की मी गळ खाली ठेवतो. तू यावरून मला कधी हसला नाहीस. नुसता हात पुढे करायचास, मी गळ द्यायचो, आणि तू नदीकडे बघत गांडूळ लावून तो परत द्यायचास. (हे अंजनालाही माहीत नाही. पत्र मोठ्याने वाचू नकोस.)

तू गेल्यावर तीन रविवार मी रिकामा गळ टाकून बसलो. नावाडी अर्जुना दर वेळी विचारी, "कंपौंडर, काय गावलं का न्हाई?" मी सांगे, "आज पानी गढूळ हाय." पाण्यात तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतके ते स्वच्छ होते. चौथ्या रविवारी त्याने माझा गळ उचलून पाहिला, परत पाण्यात सोडला, आणि तेव्हापासून तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतो. असे वर्ष काढले, मग मला ते सहन होईना.

दोन वर्षांमागे संकरित गाईंच्या शिबिराला आलेला गोरा पाहुणा तुला आठवत असेल. गाई सोडून दिवसभर नदीच बघत होता तो. जाताना त्याने मला रबरासारखे मऊ, जांभळे, खोटे गांडूळ दिले होते. तिकडचे लोक म्हणे यावर मासे धरतात. ते मी तंबाखूच्या डबीत ठेवले होते, ते आता बाहेर काढले. ते हातात धरताना काही वाटेना. पण होते एकच, खडकात अडकून तुटले की संपले. म्हणून त्याचा साचा काढायचे ठरवले.

गणपतीवाल्याकडून प्लॅस्टर आणले, साबणाच्या डबीत ओतले, त्यात गांडूळ अर्धे बुडवले, वाळल्यावर तेल लावून वर दुसरा थर दिला. दोन्ही भाग सुटले तेव्हा आत गांडुळाचा असा सुबक ठसा उठला होता की मी तो अंजनाला दाखवायला नेला (ती जेवत होती, ही माझी चूक). मग साच्याला वरून भोक पाडले, अंजनाची तुटकी निळी प्लॅस्टिकची चप्पल चिरून जुन्या कढईत वितळवली आणि ढोराला औषध पाजायच्या पितळी पिचकारीने आत दाबली. (कढई जुनी आहे असे माझे मत होते. अंजनाचे वेगळे निघाले.) आतली हवा बाहेर पडायला दुसरे भोक लागते, हे मला त्या दिवशी कळले. तिने आपला रस्ता शोधला आणि पाघळलेली चप्पल दट्ट्याकडून परत माझ्याकडे आली. मिशी तेव्हाच गेली.

दुसरे भोक पाडल्यावर गांडूळ झाले, पण खिळ्यासारखे कडक. जाळ कमी केला, थोडे एरंडेल घातले, तेव्हा जरा वाकायला लागले. तोवर घरातल्या तुटक्या चपला संपल्या. या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका जमल्या होत्या, तेव्हा पायरीशी एक हिरवी चप्पल दिसली. अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. कुणीतरी टाकून दिली असे समजून उचलली. ती बनुबाईची होती आणि ती आत बसून तिळगूळ खात होती. बिचारी एक पाय अनवाणी घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी गावभर झाले की एकच चप्पल नेणारा चोर आला आहे. राहीबाई तर दोन दिवस चपला उशाशी घेऊन झोपली. तिसऱ्या दिवशी अंजनाला कढईच्या बुडाशी सेफ्टी पिन सापडली. "आवं, लोकांच्या चपला उकळून खायची पाळी आलीया का आपल्यावर?" एवढेच ती म्हणाली, आणि कढई, साचा, पिचकारी, मी, असे सगळे अंगणात काढले.

तेव्हा मी तुझा भाता काढला आणि तुझ्या घरी गेलो. तू म्हणालाच होतास, मधूनमधून दार उघडून हवा खेळू दे. पडवीतली तुझी भट्टी तशीच आहे. राख उपसली तर खाली अजून नवसागराचा वास होता. फळीवर भाबींनी चहाच्या कपबश्या उपड्या घालून ठेवल्या आहेत, त्यांत कान तुटलेला माझा कपही आहे. तो त्यांनी कधी टाकला नाही. चांदसाहेब, मी तिथे गांडुळे करायला जातो हे निम्मेच खरे आहे. उरलेला वेळ मी नुसता बसतो आणि तुझ्याशी बोलतो. तू उत्तर देत नाहीस, पण तसा तू पूर्वीही फारसा देत नव्हतास.

आता आप्पासोचे. साखर कारखान्यातला माणूस, चांगला आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. गेल्या शुक्रवारी दहा वाजता तो बायकोला घेऊन घर बघायला आला, आणि नेमके तेव्हा भट्टीवर दोन चपला होत्या. धुराने पडवीतले वासे दिसत नव्हते. त्याच्या बायकोने, लीलाबाईने, नाकाला पदर लावून विचारले, "हितं काय जळतंय?" मी म्हणालो, "चपला." "कुणाच्या?" "लोकांच्या." त्यानंतर त्यांनी फारसे काही पाहिले नाही.

तेव्हा तुझ्या एका ओळीचे उत्तर असे, की आप्पासो येऊन गेला आणि घर त्याला पसंत पडले नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. थंडी आहे तोवर गुडघ्याला गरम मिठाने शेक दे.

तुझा
नाथाजी

ता. क. सुनेने तुला लाल प्लॅस्टिकच्या चपला घेतल्याचे लिहिले होतेस. लाल रंगाचे गांडूळ अजून जमलेले नाही. चपला झिजल्या असतील तर एस. टी. पार्सलने पाठव. शिवाय भात्याचे कातडे तडकले आहे, त्याला कुठले तेल लावायचे ते कळव.

ता. क. दुसरे. खोटे बोलून मला झोप येत नाही. आप्पासो दहाला येणार हे मला आदल्या दिवशीच ठाऊक होते. भट्टी मी नऊला पेटवली आणि मागचे दार लावून घेतले. घर तुझे आहे. तुला खरेच विकायचे असेल तर मी पडवी सारवून, भिंतींना चुना लावून आप्पासोला स्वतः बोलावून आणीन. पण ते तू माझ्या तोंडावर सांग.

ता. क. तिसरे. परवाच्या रविवारी हिरव्या गांडुळाला मरळ लागली. हातभर होती. म्हणजे गांडूळ लावायला आता तुझी गरज उरली नाही. मासा वर काढला आणि दाखवायला डावीकडे वळलो, जिथे तू बसतोस. मग तो परत पाण्यात सोडला. चपला पार्सलने पाठवू नकोस. पायात घालून ये.