आयलिफ, मी कोर्टात येणार आहे

प्रिय आयलिफ,

‘प्रिय’ लिहिणार नव्हते. पण लहानपणापासूनची सवय, ती जात नाही.

आई बरी आहे. तुझ्यासाठी रडते आणि रडून झालं की मला फोन करते, ‘तोरुन, सख्खा भाऊ आहे गं तुझा.’ बंदरात यंदा मासळी बरी आहे. चर्चच्या तरुण मंडळात पोरं पुन्हा यायला लागली आहेत, पण फोन खिशातच ठेवतात.

त्या रविवारी उपासना संपल्यावर सिने माझ्याबरोबर चर्चच्या स्वयंपाकघरात वाफल करत होती. पंधरा वर्षांची पोर, तूच शिकवायचास त्या दृढीकरणाच्या, चर्चच्या दीक्षेच्या, वर्गातली. ओट्यावर तिचा फोन उजळला, तुझं नाव दिसलं, आणि तिने तो इतक्या घाईने पालथा घातला की पिठाचं भांडं कलंडलं. मी म्हटलं, ‘अगं, आयलिफच तर आहे, बघ की.’ ती म्हणाली, ‘उत्तर दिलं नाही तर तो रुसतो, तोरुन. आणि दिलं की मला आंघोळ करावीशी वाटते.’

मग तिने दाखवलं. मी उभ्याउभ्याच सगळं वाचलं. ‘आज तुझ्यासाठी प्रार्थना केली. तू बाकीच्यांसारखी नाहीस. हे आपल्या दोघांतच ठेव, आईला नाही समजायचं. प्रार्थना करताना तुझा चेहरा समोर हवा, एक फोटो पाठव ना, फक्त मला.’ प्रार्थना करताना! वाफल करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मी फोन खाली ठेवला.

मुलांशी बोलायचं ते गटात, दुसरं मोठं माणूस त्या गटात असताना. एकट्यादुकट्याला खासगी निरोप नाही, आपोआप पुसले जाणारे तर नाहीच. हे मंडळात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना शिकवलं कुणी? तूच. पडद्यावर चित्रं दाखवून. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघी तशाच पोलिसांत गेलो.

किळस तुझ्या एकट्याचीच आली असती तर सोसली असती. चर्चच्या कारभारी समितीचे अध्यक्ष, हालवर, कॉफी ढवळत म्हणाले, ‘हल्ली फोनवर असंच बोलतात गं. त्याने पोरीला हात तरी लावला का?’ तिच्या आईसमोर! ती बाई उठून बाहेर गेली. हालवरनी कॉफी संपवली, वर अजून एक वाफल मागितलं.

आणि परवा तुझ्या वकिलाचा फोन आला. पोरांच्या आत्म्याची तुला किती काळजी होती ते मी कोर्टात सांगावं म्हणे. मी बहीण, शिवाय मंडळातली सहकारी, माझ्या शब्दाला वजन आहे. त्यांना मी नाही म्हणून सांगितलं.

तरी मी दिसेन तिथे. मला पाहून तुझ्या मनात भलती आशा जागू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. मी सरकारी वकिलांची साक्षीदार आहे. जे वाचलं ते अक्षर न गाळता सांगणार. सिनेने विचारलं होतं, ‘तो समोर असताना माझ्या शेजारी बसशील?’ बसणार आहे. आणि तुझ्याकडे बघणार आहे, सरळ. म्हणजे त्या पोरीला बघावं लागणार नाही.

तुझीच बहीण, त्याला इलाज नाही,
तोरुन