रविवारच्या हजेरीची वही

पाद्रीसाहेब,

तुमची शाळा समिती चहाबिस्किटांसकट खड्ड्यात गेली, असं आज बैठकीत तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, म्हणून लिहितेय. टपालपेटीत टाकायचा धीर होईलसं वाटत नाही.

आपल्या चर्चच्या शाळेत पहिलीच्या वर्गात एकच जागा उरली होती. डेनीझ पार्गेटरच्या लेकीला, टेसला, आपण ती नाकारली. का, तर चर्चच्या हजेरीवहीत वर्षभरात तिच्या आईची एकही सही नाही! "नियम म्हणजे नियम, मॉरीन," तुम्ही म्हणालात. "आपण बिनपगारी माणसं, आपल्याला कुणाची भीड कशाला?"

डेनीझ रविवारी कुठे असते, हे विचारलंत? वृद्धाश्रमात कामावर असते. तुमच्या आईला आंघोळ घालते, निळा कोट चढवते आणि चाकाच्या खुर्चीत बसवून चढावरून चर्चच्या दारापर्यंत ढकलत आणते. वही आत टेबलावर असते. तिथवर यायला तिला सवड नसते, कारण मागे आश्रमात अकरा म्हातारी माणसं नाश्त्यासाठी खोळंबलेली असतात.

त्याच वहीत तुमच्या आईची थरथरती सही दर रविवारी आहे. म्हातारी काय उडत येते?

तुम्ही तेव्हा आत वेदीपाशी असता, तुम्हाला दिसत नसेल. पण दारात उभी राहून डेनीझच्या हातातून ती खुर्ची मीच घेते. आणि आज तुम्ही "सगळ्यांची संमती?" विचारलंत, तेव्हा पहिला हात माझाच वर गेला.

तुमच्याच माळेतली,
मॉरीन थ्रॅपस्टन