विरुद्ध बाजू रिकामी आहे

प्रिय सुई,

बिनदुधाचा चहा समोर ठेवून तुला लिहायला बसले आहे. चव विचारू नकोस. पुठ्ठा भिजवून उकळला तर याहून फार वेगळं काही निघणार नाही. पण पिते आहे, आणि ताठ मानेने पिते आहे. दूध, लोणी, चीज, अंडी, मासे, मांस, सगळं मी सोडलं आहे. याला वीगन म्हणतात. धाकटी याला 'ताईचं नवं आंदोलन' म्हणते. तिचं म्हणणं, आजवर मी मालकांविरुद्ध लढले, आता जेवणाच्या टेबलाविरुद्ध लढते आहे.

तू हसशील, कारण मी पोट कशावर भरते ते तुला ठाऊक आहे. उभा जन्म दुधाच्या कारखान्यात गेला. पिशव्या भरण्याच्या यंत्रावर लागले आणि संघटनेची अध्यक्ष झाले. 'शहराला दूध पाजणाऱ्या हातांच्या घरी पेले कोरडे का?' हे माझं फाटकावरचं भाषण अजून लोकांना पाठ आहे. त्याच्याच जोरावर आम्ही प्रत्येक कामगाराला घरी न्यायला फुकट दूध मिळवलं. आणि गेल्या महिन्यात त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये मी दुधाचा पेला बाजूला सारला. पॅकिंगचा मुकादम ओरडला, "बाई, हे म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! तुम्हीच दूध सोडलंत तर आम्ही विकायचं कुणाला?" झालं, मी बाकावर चढले. म्हटलं, चांभार बुटांचे दहा जोड शिवतो, म्हणून दहाही पायांत घालून फिरतो का? विकणं हा माझा धंदा आहे, पिणं हा माझ्या छातीचा प्रश्न आहे. हशा पिकला, बाक वाजले. सुट्टी संपता संपता मुकादम हळूच जवळ आला. "बाई, आमच्या मंडळींना साखरेचा त्रास आहे. त्यांना चालेल का हो हे?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा, मला काय विचारता? पण आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. विरोध करायला आलेला माणूस गिऱ्हाईक होऊन परत गेला होता.

घरी काम जास्त अवघड होतं. धाकटी तुला माहीत आहे, दिसायला मेण आणि आतून गारगोटी. माझ्या पावाला लोणी तिनेच लावलं, आई गेल्यापासून. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताई, तू काय वाचलंस ते मला सांगू नकोस. तुला उद्या चंद्रावर राहायला जायचं असलं, तरी चार पुस्तकं तुझ्या बाजूने निघतील." मग मी बाबांचं बोलले. ते कार्यशाळेच्या दारात कसे बसले, छातीवर हात ठेवून, आणि उठलेच नाहीत; आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे आणि अजून त्यांच्यासारखंच जेवते आहे. तिने पदराने डोळे टिपले आणि लोण्याचं भांडं शेजारणीला देऊन आली. मी जिंकले. त्या रात्री तिने हरभऱ्याची उसळ इतकी खारट केली की तो प्रतिवाद होता की काय, अशी शंका येते.

मी भाबडेपणाने यात पडलेले नाही. दोन्हीकडचं वाचलं आहे. नुसता पाला खाऊन माणूस देव होत नाही, हे मला कळतं. ब-१२ची गोळी घ्यावी लागते, नाहीतर हातापायांना मुंग्या येऊ शकतात, हेही वाचलं. गायीगुरांच्या कळवळ्याने करते आहे असंही मी कुणाला सांगत नाही. तो कळवळा ज्यांना आहे ते माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. मी माझ्या रक्तातल्या चरबीसाठी करते आहे. आणि गंमत म्हणजे मला बरं वाटतं आहे. जिना चढताना पूर्वीइतकी धाप लागत नाही, पट्टा एक भोक आत गेला. माणसाचं नशीब ताटात लिहिलेलं असेल तर ते ताट बदलता येतं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते तीन ठिकाणी वापरलं.

आता जे वापरलं नाही ते लिहिते. माझ्या हृदयाच्या तीन नळ्या अरुंद झाल्या आहेत. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रिया करा म्हणतात, लवकर करा म्हणतात. माझ्या भाचीच्या वयाची पोर, पण नजर सरळ. तिचं म्हणणं, आहार बदला, उत्तमच आहे, पण शस्त्रक्रियेच्या जोडीला बदला, तिच्याऐवजी नको. मी तिच्यापुढेही उभी राहिले. बोलले. आकडे दिले, दाखले दिले, बाबांना पुन्हा एकदा कार्यशाळेच्या दारात बसवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचं ऐकून क्षणभर मलाही पटलं. पण तुमच्या नळ्यांना भाषण ऐकू येत नाही." मला हसू आलं. त्याच हसण्याचा फायदा घेऊन मी तिच्याकडून मुदत मागून घेतली. गोळ्या चालू ठेवायच्या, छातीत जरा जरी दुखलं तरी तडक दवाखान्यात यायचं, आणि येत्या सोमवारी हो की नाही ते सांगायचं. घरी येऊन धाकटीला सांगितलं, डॉक्टर आहार बदलून बघा म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

आणि नाही म्हणायचं कारण? पुस्तकांत नाही, आकड्यांत नाही. भूल देताना घशातून नळी घालतात. शीतगृहातल्या आमच्या एका बाईचं असंच ऑपरेशन झालं, ती परत आली ती घोगरी होऊन. आता फाटकावर घोषणा देताना तिचे ओठ हलतात, आवाज शेजारणीचा येतो. डॉक्टरीण म्हणते असं क्वचित होतं, बहुतेकांचा घसा थोड्या दिवसांत मोकळा होतो. मी मान डोलावली. पण सुई, मरायला मी भीत नाही, हे तुला ठाऊक आहे; मुकी होऊन जगायला भिते. या एवढ्याशा भीतीवर मी केवढा मोठा किल्ला बांधला बघ: डाळी, कडधान्यं, बाबा, चंद्रावर राहायला लावणारी चार पुस्तकं. आणि किल्ला इतका मजबूत झाला की आता आत कुणी येईना. मुकादम माझ्या बाजूला, धाकटी माझ्या बाजूला, डॉक्टरीण मुदत देऊन बसलेली. सभा भरलेली आहे आणि विरुद्ध बाजूची खुर्ची रिकामी आहे. अशी सभा मी आयुष्यात कधी खरी मानली नाही.

म्हणून तुला लिहिलं. महाविद्यालयातल्या वादसभांत मी तोफ आणि तू सुई; माझ्या भाषणाचा फुगा फोडायला विरुद्ध बाजूने तूच उभा राहायचास. रविवारी ये. तुझ्या गावाची बस आमच्या कोपऱ्यावरच थांबते. जेवण माझ्या पद्धतीचं मिळेल, ते मी कुणाच्याही बोलण्याने सोडणार नाही. पण शस्त्रक्रियेवर तू माझ्याविरुद्ध बोल, सगळ्या ताकदीने बोल. आजारी बाई आहे म्हणून दया दाखवलीस तर दारातून परत पाठवीन. तू जिंकलास तर सोमवारी मी सही करते. तू एकदाच माझ्यापुढे गप्प बसलास. महाविद्यालयाच्या जिन्यावर तू लग्नाचं विचारलंस आणि मी नकाराचं लांबलचक भाषण ठोकलं. स्वातंत्र्य, चळवळ, माझी वाट वेगळी. तू म्हणालास, "बरं." इतकंच. मी त्या दिवशी बरोबर होते की नुसतीच चांगलं बोलले, हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण तू उत्तरच दिलं नाहीस. या वेळी बरं म्हणू नकोस.

अजून आवाज शाबूत असलेली,
तुझीच,
तोफ