पाकिटावरची फुली

सॅक्रमेंटो, २२ ऑक्टोबर १८५०

पटकी आली! नदीकाठच्या तंबूंतून सकाळपासून मढी बाहेर काढताहेत. आणि मीच ऑगस्टमध्ये थर्झाला लिहिलं होतं — व्हरमाँटचं घर विक, आपल्या पोरीला, लोइसला घेऊन निघून ये. काय बुद्धी झाली! त्यांना यावं लागेल त्या पनामाच्या वाटेवरही हाच रोग आहे म्हणे.

आज लिहिलं — निघू नकोस. काही झालं तरी निघू नकोस. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, बंदरावर टपाल नेणाऱ्या पाइक नावाच्या गड्याच्या हातात दिलं. आता कुठे जिवात जीव आला.

२६ ऑक्टोबर

ओबेद माझ्याच तंबूत राहतो आणि नुसता छळतो. "आधी ये म्हणालास, आता येऊ नको! बायको सोलून काढेल तुला." काढू दे. जिवंत राहून काढू दे.

३ नोव्हेंबर

ओबेदला लागण झाली. त्याला उठवत नाही, म्हणून त्याच्या आईला पत्र मी लिहिलं. पत्ता घातला आणि माझ्या हाताने आपसूक कोपऱ्यात फुली मारली. "ही कसली रे?" त्याने विचारलं. मी लेखणी खाली ठेवली.

आमची खूण आहे ती! टपालाचे पैसे घेणाऱ्याने भरायचे — चाळीस सेंट. थर्झाने कुठून आणायचे? म्हणून निघतानाच ठरवलं होतं : फुली म्हणजे मी खुशाल, आत कोरा कागद. तिने पाकीट नुसतं बघायचं आणि न घेता परत करायचं. वर्षभर हेच चाललंय. बोलावणं धाडलं तेव्हा तेवढी फुली मुद्दाम टाळली होती.

बावीस तारखेच्या पत्रावर मारली का? मारली. ठळक मारली. डोळ्यांसमोर दिसतेय मला. गाढव आहे मी, गाढव!

४ नोव्हेंबर

पाइककडे धावलो. "एक तारखेच्या आगबोटीने गेलं की! आता काय पोहत जाणार मागे?" मग माझं तोंड बघून बोटींच्या तारखांचा कागद काढला. पुढची बोट पंधराला. दुसरं पत्र लिहिलं, पैसे इथेच भरले. पाकिटावरच मोठ्या अक्षरांत — थर्झा, निघू नकोस. पोस्टमास्तरने वाचावं, गावाने वाचावं. लाज कसली आता!

७ नोव्हेंबर

ओबेद गेला.

२० डिसेंबर

इथली पटकी ओसरली. गुत्त्यांत पुन्हा फिडल वाजतंय. पनामाहून आलेल्या एकाला तिथली हकिकत विचारली. "नका विचारू, बाबा," म्हणाला.

देवा, तिने कुणाकडून तरी उसने घेऊन ते पत्र फोडलेलं असू दे.

२१ जानेवारी १८५१

थर्झाचं पत्र! "तुमची फुली बघितली आणि पोस्टातच रडू फुटलं. खुशाल आहात, आणखी काय हवं? घर विकलं. अठ्ठावीस डिसेंबरच्या बोटीने निघतो. लोइसने सगळ्यांचा निरोप घेतला, मांजराचासुद्धा."

किती आनंदात लिहिलंय! माझं दुसरं पत्र तेव्हा अजून समुद्रात होतं. पाइक म्हणतो, "अरे, सगळेच काही मरत नाहीत." रोज म्हणतो. मी रोज त्याच्याकडून म्हणवून घेतो.

सॅन फ्रान्सिस्को, ८ फेब्रुवारी

बोट लागली. लोइस उतरली. आईचा कोट घातला होता, बाह्या दुमडून. मी तिच्या पाठीमागे बघत राहिलो. ती म्हणाली, "बाबा, मागे कुणी नाहीये."