एकाच ट्रकमधून आलेली दोन यंत्रं

आदरणीय दादा,

तुमची धाकटी बहीण ज्याच्या हाती सोपवलीत, त्या माणसाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे ती बरी आहे. मी अजून सावरतो आहे.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या मालकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या दोन कंपन्या आहेत. नदीकडची तुमची बहीण चालवते, टेकडीकडची मालकांचा पुतण्या, आणि मी मालकांच्या कचेरीत हिशेबनीस. एक कंपनी बंद करायची असं ठरलं. कोणती, ते दोन्हींची वार्षिक पत्रकं शेजारी ठेवून मी सांगायचं होतं. पुतण्याकडे नफा, हिच्याकडे तोटा. घरचं माणूस म्हणून झुकतं माप द्यायचं नाही, या विचाराने मी इतका ताठ झालो होतो (मानही दुखत होती, ते वेगळं) की भर बैठकीत, हिच्यासमोर, हिचीच कंपनी बंद करा म्हणून मोकळा झालो. साठ माणसं आहेत तिथे. ही चिडली नाही. कप बाजूला सरकवला आणि विचारलं, "आमच्या कापायच्या यंत्राचं आयुष्य किती धरलंय?"

मी म्हटलं, तुम्हीच पाच वर्षं लिहिलंय. (कचेरीत मी तिला तुम्ही म्हणतो. आता घरीही म्हणतो.)

"आणि त्यांच्या?"

वीस.

"दोन्ही एकाच ट्रकमधून आली. उतरवून घ्यायला तुम्हीच उभे होतात."

दादा, मी उभा होतो. तेच यंत्र, तीच किंमत. ही दरवर्षी त्यातला पाचवा हिस्सा खर्चात टाकते, पुतण्या विसावा. शिवाय त्याला फोनवर मागणी आली की त्याची विक्री झाली. हिची, खोकी गाडीत चढल्यावर. लपवलं कुणीच नव्हतं. दोघांनी आपापली पद्धत तळटिपेत लिहिली होती, आणि तळटिपा मी वाचल्या नव्हत्या. एकाची उंची अनवाणी मोजावी, दुसऱ्याची स्टुलावर उभं करून, आणि वर निकाल द्यावा, तसं मी केलं होतं. मग दोन्हीकडे एकच आयुष्य आणि विक्रीचा एकच नियम लावून पाहिलं. हिच्याकडे नफा निघाला, पुतण्याकडे तोटा.

मालकांनी नवे आकडे पाहिले, त्यावरचं पुतण्याचं नाव पाहिलं. मग त्यांनी दोन्ही कंपन्या ठेवल्या आणि मला काढलं. आता दोघांचे हिशेब एकाच पद्धतीने लिहिले जाणार, तेव्हा तुलनेला वेगळा माणूस कशाला, म्हणाले.

घरी ती एका शब्दाने रागावत नाही. जेवण वेळेवर वाढते. मला त्याचीच भीती वाटते.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. तिच्या कंपनीत हिशेबनिसाची एक जागा निघाली आहे. मी अर्ज केला आहे. दुसरा अर्ज तुमच्या जावयांचा आहे.

आणखी एक. माझ्या अनुभवात मी लग्नाची वर्षं धरली आहेत. ते तिला मान्य नाही. दोघांना एकच माप, म्हणते. हा माझ्यावर अन्याय आहे, असं थोरल्या भावाने तिला लिहून कळवावं. मी तुम्हाला गळ घालणार, हे तिने ओळखलंच. म्हणाली, खुशाल आणा दादाचं पत्र, पण मग जावयालाही त्याच्या सासऱ्यांचं पत्र आणायला सांगते. म्हणजे दोन्ही पत्रं तुम्हीच लिहिणार. कृपा करून दोन्हींत एकच मजकूर नको.