जुगलकिशोर आणि बालवाचनालय निवड उपसमिती

रविवार, ५ जून १९८८. दुपार.

करोल बागहून परत. बसमध्ये उभ्याने आलो, पण पिशवी खिडकीजवळच्या एका बाईंच्या मांडीवर ठेवली होती. त्यामुळे एकाही कॉमिकला घडी पडलेली नाही. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पण जबाबदारी घेतली की घेतली.

रेकॉर्डसाठी: आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळाचं बालवाचनालय म्हणजे चंद्रप्रभाबाईंच्या बैठकीतलं एक स्टीलचं कपाट. त्यात दर आठवड्याला दोन नवीन कॉमिक्स येतात. दुकानदार पाच पसंतीला देतो, तीन पुढच्या रविवारी परत करायची. कोणती दोन ठेवायची ते निवड उपसमिती ठरवते. अध्यक्ष मी. सभासद राजाभाऊ, वरच्या मजल्यावरचे, ऑडिटवाले. एवढीच समिती. दोघांत बहुमत होणं किती कठीण असतं ते आम्हालाच ठाऊक.

या आठवड्याचा माल: ‘रोबो रणधीर का इन्साफ’, ‘चंद्रलोक का नाई’, ‘शेरदिल शमशेर और बर्फ का भूत’, ‘बांधों के निर्माता’ (हे राजाभाऊंसाठी, धरणांवर आहे) आणि ‘जासूस जुगलकिशोर: मौत की बावडी, भाग दुसरा’.

पहिल्या भागाच्या शेवटी जुगलकिशोर विहिरीत दोरीला लोंबकळत होता. खाली मगरी. वर काळा चष्मावाला कात्री घेऊन. मला व्यक्तिशः त्यात काडीचा रस नाही. मी चोपन्न वर्षांचा सेक्शन ऑफिसर आहे. पण पंधरा दिवस एक माणूस लोंबकळतोय, हे नजरेआड कसं करायचं?

संकल्प: निःपक्षपातीपणा. जुगलकिशोर सर्वांत शेवटी वाचायचा.

रविवार, सायंकाळ.

उल्काने पिशवी बघितली. विचारलं, जुगलकिशोर आला का. मी समजावलं की समितीची मंजुरी येईपर्यंत कुठल्याही मुलाने हात लावायचा नाही, आणि मुलीनेही नाही. ती लगेच ओके म्हणाली. अकराव्या वर्षी इतकी शिस्त. माझ्यावर गेली आहे. पिशवी कपाटावर ठेवली, तोंड भिंतीकडे.

सोमवार, ६ जून. लंच-टाइम, ऑफिस.

तुलनात्मक तक्ता केला. रकाने: कथानक, चित्रं, भाषा, राष्ट्रीय एकात्मता, मारामारीची पानं. ‘कात्रीचं पुढे काय झालं’ असा एक रकाना चुकून पडला, तो खोडला. तक्ता टाइप करून फाइलीत ठेवला तर तो डाकेबरोबर साहेबांकडे गेला. साहेबांनी न बघता सही केली. म्हणजे आता तक्त्याला केंद्र सरकारची मान्यता आहे. राजाभाऊंना मुद्दाम सांगायचं नाही, सहज दाखवायचा.

सोमवार, सायंकाळ.

पिशवीचं तोंड भिंतीकडे होतं, आता दाराकडे आहे. कूलरचा वारा फार झाला.

समितीची बैठक, आमच्याकडे, चहासह. राजाभाऊंचं म्हणणं, कॉमिक्समुळे दिल्लीतल्या मराठी पोरांचं मराठी पार गेलं. ही पुस्तकं हिंदी, पोरं घरातसुद्धा ‘यार’ म्हणतात. मराठी मंडळाच्या कपाटात फक्त थोरांची चरित्रं हवीत, बिल्कुल. मी म्हणालो, मग मुलं कपाट उघडणार नाहीत. ते म्हणाले, कपाट टिकेल.

तेवढ्यात मला जी कल्पना सुचली ती या वाचनालयाच्या इतिहासात (पावणेदोन वर्षं) कुणालाच सुचलेली नाही. फुग्यांतल्या हिंदी संवादांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवायच्या! पुस्तक तेच, चित्रं तीच, भाषा आपली. भाषांतर अध्यक्ष करतील. साहजिकच त्यासाठी पुस्तकं अध्यक्षांकडे राहतील. राजाभाऊ बराच वेळ गप्प बसले. याला मी संमती धरतो.

जाताना मात्र परीक्षणासाठी म्हणून दोन पुस्तकं वर घेऊन गेले. धरणं आणि जुगलकिशोर.

जुगलकिशोर त्यांना कशाला हवा?

मंगळवार, ७ जून.

‘रोबो रणधीर’ वाचून, भाषांतरून, चिकटवून पूर्ण. मैद्याची खळ बायकोने, मीनाक्षीने, करून दिली. कशासाठी ते ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला, आणि त्या हाताला खळ होती.

भाषांतराचे नमुने. मूळ: ‘अब तुझे कोई नहीं बचा सकता!’ माझं: ‘सद्यःस्थितीत आपला बचाव करण्यास कोणीही सक्षम नाही.’ मूळ: ‘आह!’ माझं: ‘वेदना होत आहेत.’ मूळ: ‘धडाम!’ माझं: ‘मोठा आवाज.’ मराठीला थोडी जास्त जागा लागते, त्यामुळे चिठ्ठ्या फुग्याबाहेर गेल्या आणि सहाव्या पानापासून रणधीरचं डोकं झाकलं. हरकत नाही. तो कोण आहे हे पाचव्या पानापर्यंत स्पष्ट होतं.

उल्काला चाचणीसाठी एक पान दिलं. तिने सक्षम म्हणजे काय विचारलं. सांगितलं. मग सद्यःस्थितीत म्हणजे काय विचारलं. तेही सांगितलं. मग म्हणाली, बाबा, हा गुंडा तर तुझ्या ऑफिसमधल्यासारखा बोलतो. भाषांतर जमलं आहे.

संध्याकाळी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलो. (टाकीत पाणी होतं. असतंच.) तिथून राजाभाऊंची बाल्कनी दिसते. राजाभाऊ वाचत होते. ‘बांधों के निर्माता’ त्यांच्या मांडीखाली होतं.

बुधवार, ८ जून.

‘चंद्रलोक का नाई’ पूर्ण. न्हाव्याच्या वस्तऱ्याच्या आवाजासाठी शासकीय शब्द सापडला नाही. ‘घर्षण’ लिहिलं.

सकाळी बसस्टॉपवर राजाभाऊ भेटले. सहज विचारलं, परीक्षण कुठवर आलं. म्हणाले, पुस्तक अत्यंत हीन अभिरुचीचं आहे, पुन्हा एकदा तपासावं लागेल. मी म्हणालो, मुलांच्या हिताचा प्रश्न आहे, लवकर तपासा. ते म्हणाले, मुलांच्या हिताचाच विचार करतोय, म्हणून अठराव्या पानावर थांबलोय. अठराव्या पानावर काय आहे ते विचारणार होतो. विचारलं नाही. अध्यक्षाने अठराव्या पानासाठी कुणाच्या तोंडाकडे बघू नये.

दिवसभर ऑफिसात अठरा आकडा दिसत होता. एक पत्र अठरा तारखेचं काढलं. आज आठ आहे.

गुरुवार, ९ जून.

राजाभाऊंनी पुस्तकं परत केली. धरणं कोरी करकरीत. जुगलकिशोरवर आमटीचे दोन डाग आणि बाविसाव्या पानावर आंब्याचा एक. शेरा पेन्सिलने: ‘वाचण्यास अयोग्य. शेवट बरा.’

शेवट बरा! बरा म्हणजे काय? वाचला म्हणून बरा, की मेला म्हणून बरा? ऑडिटवाल्यांकडून दुसरी काय अपेक्षा.

आता पुस्तक माझ्यासमोर टेबलावर आहे. वाचू शकतो. कोणी अडवणारं नाही. पण संकल्प म्हणजे संकल्प. आधी शमशेरच्या चिठ्ठ्या. उल्का येऊन म्हणाली, बाबा, वाच ना यार, एवढं काय. मी तिला ‘यार’ वरून बोललो. ती गेली. नंतर वाटलं, बसायला सांगायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एकच कॉमिक दोघं मिळून वाचायचो, पान उलटायचं काम तिचं. पण तेव्हा मी अध्यक्ष नव्हतो.

शुक्रवार, १० जून. सायंकाळ.

हाफ-डे टाकला. कारण लिहिलं: घरगुती.

शमशेर संपवला, धरणंही. मग जुगलकिशोर उघडला. वाचत जायचं, भाषांतरायचं, चिकटवायचं, मगच पान उलटायचं. शिस्त. अठराव्या पानावर काळ्या चष्मावाल्याने दोरीचे तीन पदर कापले आणि चौथा शिल्लक ठेवला. चौथाच का ठेवला? मी खुर्चीतून उठलो. एकविसाव्या पानावर मगरीने जुगलकिशोरचा डावा बूट नेला. चोविसाव्यावर कळलं की काळा चष्मावाला हा जुगलकिशोरचा...

इथे लाइट गेली. पाच वाजता लख्ख उजेड असतो, खिडकीशी वाचता आलं असतं. पण मनाशी ठरवलं: शेवटची आठ पानं रविवारी सकाळी, चहाबरोबर, सावकाश. आठवडाभर राबलेल्या माणसाला एवढा हक्क आहे. उरलेले संवाद न वाचता, नुसती हिंदी ओळ झाकून, कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या. मराठी नंतर भरीन. मोहाला संधीच नको. असा विचार करणारी माणसं कमी.

लाइट आली. पाचही पुस्तकं खळीमुळे ओली आणि फुगलेली. एकावर एक रचली, सपाट होण्यासाठी वर मीनाक्षीची लग्नातली ट्रंक, आणि लवकर वाळावीत म्हणून समोर कूलर फुल स्पीडवर. मीनाक्षी म्हणाली, अहो, कूलरची हवा ओली असते. तिला म्हटलं, हवा ही हवा असते.

शनिवार, ११ जून. सकाळ.

ट्रंक काढली. पाच पुस्तकं होती. आता एक आहे.

तांत्रिकदृष्ट्या पाच आहेत, पण मधली फट सापडत नाही. वरून रणधीर दिसतो, खालून धरण. जुगलकिशोर मध्ये कुठेतरी आहे. वजन साधारण विटेइतकं. कडेला मुंग्या.

उपाय एक: वाफ. चहाच्या पातेल्यावर धरलं. न्हावी आणि शमशेर आणखी जवळ आले.

उपाय दोन: पट्टी घालून सोडवणं. एक चिठ्ठी सुटली. तिच्याबरोबर मगर आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘वेदना होत आहेत.’

उपाय तीन: ऊन. गच्चीवर ठेवलं आणि राखण करत बसलो. खाली मुलं उल्काला घेरून काहीतरी ऐकत होती, मध्येच किंचाळत होती. सुट्टीत मुलांना कामधंदा नसतो.

शनिवार, सायंकाळ.

करोल बागला वीट घेऊन गेलो. दुकानदाराने ती हातात घेतली, वास घेतला, आणि विचारलं, साहबजी, इसमें आटा डाला है क्या. मी म्हणालो, मैदा. त्याने शांतपणे सांगितलं की आता पाचही तुमचीच, वापसी का सवाल ही नहीं. जुगलकिशोर भाग दोन दुसरा आहे का विचारलं. खलास. पुन्हा छापणार का? सुना है कंपनी अब भूतोंवाली निकाल रही है.

तरी जमेची बाजू लिहून ठेवतो. पाच पुस्तकांतून निवड करायची होती. पाचही एकमताने मंजूर झाली. असं पूर्वी कधी घडलेलं नाही.

रविवार, १२ जून. दुपार.

चंद्रप्रभाबाईंकडे मंडळाची तातडीची सभा. वीट टीपॉयवर. मी तक्ता दाखवला, साहेबांची सही दाखवली. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, सूर्यकांत, या आठवड्यात मुलांना काय वाचायला द्यायचं ते सांगा. राजाभाऊ म्हणाले, अध्यक्षांच्या पद्धतीबद्दल आपण सुरुवातीपासून साशंक होतो. सुरुवातीपासून त्यांच्याच मांडीवर होतं ते पुस्तक!

उपसमिती बरखास्त. पुढच्या आठवड्यापासून मुलंच दुकानात जाऊन निवडणार. प्रयोग फसेल. लिहून ठेवतो.

मग आणखी एक उघड झालं. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, तसं मुलांचं काही अडलेलं नाही, उल्काने सगळ्यांना पाचही गोष्टी सांगून झाल्यात. पुस्तकं तिने सोमवारीच वाचली, दुपारी, मी ऑफिसात असताना. मीनाक्षीनेही वाचली. आज पाच वाजता जिन्यात जुगलकिशोरचा शेवट पुन्हा सांगणार आहे, कारण सगळ्यांना तो पुन्हा ऐकायचा आहे.

तर वाऱ्याने पिशवी फिरत नाही.

रविवार, सव्वापाच.

सहज जिन्यातून खाली चाललो होतो. (काही आणायचं नव्हतं.) दहा-बारा मुलं पायऱ्यांवर. उल्का वरच्या पायरीवर उभी. मला बघून थांबली. मुलांनी आपसांत विचार केला आणि एकाने येऊन सांगितलं, अंकल, बैठ सकते हो, पण एक रूल आहे: मध्ये बोलला तो आउट. मी म्हणालो, मला बसायचंच नाही, पाय दुखतोय म्हणून टेकतो.

काय सांगते ती! निम्मं हिंदी, निम्मं मराठी, हात-पाय सगळे चालवत. चौथा पदर उसवताना तिने बोटांनी दाखवला. सगळी मुलं श्वास रोखून. काळा चष्मावाला कात्री घेऊन वाकला, जुगलकिशोरचं लक्ष खाली मगरीकडे, आणि त्या मूर्खाला भिंतीतली लोखंडी कडी दिसतच नव्हती, एवढी हाताशी, एवढी मोठी...

मी ओरडलो, ‘अरे, डावीकडे बघ!’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. उल्कानेही. रूल म्हणजे रूल. एका सात वर्षांच्या मुलीने मला हात धरून बाहेर आणून सोडलं.

बाहेर उभा राहिलो. आतून टाळ्या ऐकू आल्या. म्हणजे वाचला असावा. पण ही मुलं मगरीसाठीही टाळ्या वाजवतात.

रविवार, सायंकाळी सात.

मला वाईट वाटतंय. खूप. जुगलकिशोरबद्दल नाही. त्याच्याबद्दलही.

उल्का घरी आली, पाणी प्यायली, माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. म्हणाली, बाबा, शेवट सांगू?

मी म्हणालो, छे, असल्या गोष्टींत मला काडीचा रस नाही.

ती ओके म्हणाली आणि खेळायला गेली.